रिकामं टिपाड आणि मिलिंदची बेस

मी भूत मानत नाही. देव मानत नाही, अंगात येणं तर मुळीच नाही. आमचं बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आहे. त्यामुळं हे वाचून कुणी मला लिंबू-मिरची सांगू नये... राग येईल. शाळा चौथीपर्यंत झाली, तेव्हा शुद्धलेखनही काढू नका. जे झालं ते मांडतो.

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं त्या टायमाची गोष्ट. जिल्हा आला, पाणी काही आलं नाही – दुष्काळ होता, नळ कोरडे, टँकर कधी यायचा कधी नाही. पत्र्याच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. माय, मी, माझी बायको शांता, आमचं तान्हं पोरगं आणि माझा धाकटा भाऊ मिलिंद.

मिलिंद भीमगीतांच्या गायन पार्टीत बेस गिटार वाजवायचा. चार जाड तारांची. ऐकणाऱ्याला ती वेगळी ऐकू येत नाही, पण बंद पडली की गाणं लंगडं होतं. त्याची एक खूण होती. गाणं संपलं, सगळे थांबले की हा एकटाच बोट वरून खाली घसरवत आणायचा आणि जाड तारेवर धुम्म करून थांबायचा. लोक म्हणायचे, मिलिंदनं सही केली.

दुष्काळात कार्यक्रम आटले. मिलिंद हैदराबादकडं कामाला गेला. "दादा, बेस जप. कुणाला हात लावू देऊ नको," एवढं बोलला. मग ना निरोप, ना माणूस. मी जाऊन धुंडून आलो. ज्या बांधकामाचं नाव सांगून गेला होता, तिथं त्याला ओळखणारं कुणीच निघालं नाही.

इकडं पार्टीवाले दुसरा बेसवाला बघू लागले. माझं डोकं सणकलं. म्हटलं, जागा माझ्या भावाची हाय, तो येईस्तोवर मी वाजवतो. सगळे हसले. मी कोरसात टाळ्या वाजवणारा माणूस! पण एकदा बोललो म्हणजे बोललो.

शिकवायला कुणी नाही. मी आपला मोडक्या कंगव्यानं चारही तारा एकदम खाजवत राहिलो. आमच्या पार्टीत बेंजो वाजवणारे गफ्फारभाई एकदा दारात उभं राहून बघत होते. म्हणाले, "किसनमामू, ये गिटार है, बैल का खरारा नहीं. एक टाइम पे एक तार. ढोलकी के पीछे पीछे चलो." तेवढीच माझी शिकवणी. बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. तार नीट दाबली नाही की खर्र... आणि लाईट नसली की बेस मुकीच. म्हणून मी युक्ती काढली. दारात पाणी साठवायचं पत्र्याचं मोठं टिपाड होतं, ते दुष्काळामुळं रिकामंच. गिटारीचं डोकं त्याला टेकवलं की पत्रा घुमायचा, सगळं ऐकू यायचं.

एका दुपारी पहिल्यांदाच एक गाणं शेवटापर्यंत नेलं. तळव्यानं चारही तारा दाबून धरल्या. आणि टिपाड वाजलं. वरून खाली घसरत... धुम्म.

मला तर तेव्हा बोट घसरवता येतच नव्हतं.

पुन्हा वाजवलं, पुन्हा आलं. गाणं अर्धं सोडलं तर टिपाड गप्प, पुरं केलं की सही. जागा बदलली, आडवं केलं, आत डोकं घातलं. क्षाराचे पांढरे वळ, दुसरं काही नाही. गफ्फारभाईंना काही न सांगता बोलावलं. गाणं संपल्याबरोबर त्यांनी गिटार माझ्या हातातून ओढून उचलून धरली. तरी टिपाड वाजलं. त्यांनी पत्र्यावर हात ठेवला, काढून घेतला. "ये तुम नहीं बजाये," म्हणाले आणि चहा न घेता गेले.

माय उंबऱ्यात बसून ऐकत होती. म्हणाली, "मिलिंद हाय."

मी चिडलो. "माय, आपण भूत मानत न्हाई."

"भूत कोन म्हनलं? माजं लेकरू हाय म्हनलं. जितं हाय म्हनून वाजवतंय."

त्या दिवसापासून मायनं टिपाडात पाणी भरू दिलं नाही. टँकर आला की टिपाडावर हात टाकून बसायची. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, म्हातारीनं टिपाडात गाणं भरलंय, पाण्याला जागा कुठं हाय? आम्ही घागरीवर भागवायचो. ती सरली की अंगावर पाजणारी शांता लांबच्या विहिरीवर जायची. मी मायला समजावलं, ओरडलो, हात जोडले. तिला कळत होतं, तरी हात उचलत नव्हता.

मग एक दिवस शांता विहिरीवरून आली ती दारातच खाली बसली. अंगात ताप, घागर अर्धी सांडलेली, पोरगं रडून रडून कोरडं पडलेलं. गल्लीत टँकर उभा होता. माय उठली. मला म्हणाली, "वाजव एकदा."

मी पुरं गाणं वाजवलं. सही आली. मायनं टिपाडाला गाल लावला, हळूच बोलली, "बाळा, पानी भरते. रुसू नगं." आणि पाईप स्वतःच्या हातानं आत सोडला.

त्यानंतर टिपाड वाजलं नाही. आम्ही कितीदा रिकामं केलं, पुसलं, उन्हात वाळवलं. पत्रा घुमायचा, पण तो माझा आवाज असायचा.

मिलिंद आला नाही. मेला असंही कुणी सांगितलं नाही. मायनं शेवटपर्यंत त्या टिपाडातलं पाणी तोंडाला लावलं नाही. मी पुढं कैक वर्षं पार्टीत बेस वाजवली, बोट घसरवायलाही शिकलो. पण गाण्याच्या शेवटी कधी घसरवलं नाही. ती जागा मोकळी ठेवायचो.

मुलाच्या नोकरीमुळं आता नांदेडला असतो. एका कॉलेजच्या सरांना विचारलं तर म्हणाले, पत्रा कंप पावतो. पावतो ना. पण जे मी वाजवलंच नाही त्यानं कसा पावतो?

टिपाड इथं गच्चीवर आहे. नळ आला की सून विचारती, "मामा, ते एवढं टिपाड रिकामंच हाय, भरून ठेवू का?"

मी नको म्हणतो. का नको, ते मला सांगता येत नाही. मी तर असलं काही मानत नाही.