सुदामच्या उशाचा दगड

वकीलसाहेबानं माझ्या सासऱ्याला दगड धुवायला लावला.

भर उन्हात. गुडघे टेकून. दगडावर काळ्या मातीचा जाड थर होता. तो बोटांनी निघेना, म्हणून म्हाताऱ्यानं डोक्याचं फडकं सोडलं, पाण्यात बुडवलं आणि दगड पुसायला घेतला. पाणी मी आणलं होतं, नाल्यावरून, माझ्या डोक्यावर. मागे सतरंजीवर चार साहेब लोक रायफली बाजूला ठेवून थर्मासातला चहा पीत बसले होते. दगड पांढरा होईपर्यंत त्यांचा खेळ खोळंबला होता.

तो दगड माझ्या लेकाच्या उशाशी होता. खाली माझा सुदाम होता.

"नीट पूस. लांबून दिसला पाहिजे," वकीलसाहेब म्हणाला.

म्हातारा आणखी जोरानं पुसू लागला.

सुदाम आदल्या उन्हाळ्यात गोवरानं गेला. चालायला लागला होता. बोलायला लागायचा होता. मला नुसतं 'म्या' म्हणायचा. नवरा हिंगणघाटला गिरणीत होता, तो येईपर्यंत माती देऊन झाली होती. आम्ही महार. आम्ही आमची माणसं पुरतो. गावाच्या खालच्या अंगाला, आमच्या वस्तीच्या पलीकडे, एक जुनं तळं आहे. पाणी कधीचंच आटलं, मातीची उंच पाळ तेवढी उरली. त्या पाळीच्या पायथ्याशी आमची मसनवटी. कोल्ह्यानं उकरू नये म्हणून मामाजीनं, म्हणजे माझ्या सासऱ्यानं, वर बाभळीचे काटे टाकले, आणि नाल्यातून एक मोठा दगड खांद्यावर आणून नातवाच्या उशाशी रोवला. त्या वयात तो दगड त्यानं कसा उचलला कोण जाणे. मी शेतात जाता-येता त्याला हात लावून जायची. उन्हात तापलेला असला की मला बरं वाटत नसे.

आता या लोकांचं सांगते. वर्ध्याच्या काही बड्या माणसांना बंदुकीचा शौक होता. कोणी वकील, कोणी कापसाच्या जिनाचा मालक, एक रिटायर झालेला जंगलखात्याचा साहेब. रायफली होत्या, लायसन होतं, जीप होती. नेम मारायला जागा तेवढी नव्हती. आधी ते सिंदीकडच्या मोकळ्या माळावर जायचे. तिकडे नोकरदारांची घरं उठू लागली, लेकरं दचकून रडतात म्हणून लोकांनी ओरड केली. मग रुळापलीकडे गेले, तिथं कोणाची तरी म्हैस बिचकली आणि भांडण झालं. त्यात वर्धा म्हणजे खादीचं गाव. सकाळी टकळी घेऊन बसणाऱ्या माणसांच्या कानावर गोळीचा आवाज बरा दिसत नाही. तेव्हा त्यांना अशी जागा पाहिजे होती, जिच्या मागे मातीची भिंत असावी आणि आजूबाजूला ओरड करणारं कोणी नसावं.

आमच्या पाटलानं त्यांना आमची पाळ दाखवली.

"तिकडे कोणी नसते," असं तो त्यांना म्हणाला. आमची वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. आमचे मेलेले तर तिथंच. पण पाटील खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. त्याच्या लेखी खरंच तिथं कोणी नव्हतं.

त्या वर्षी गावकामाची पाळी आमच्या घरी होती. साहेब आला की महारानं पुढं धावायचं, दवंडी द्यायची, जनावर मेलं तर ओढायचं. मामाजीच्या हातात ती गावकामाची काठी होती. पाटील वयानं त्याच्या लेकाएवढा, पण म्हणायचा 'सख्या'. आमच्या दारापासून लांब उभा राहून तो बोलला.

"सख्या, रविवारी वर्ध्याचे साहेब येऊन राह्यले. पाळीखालच्या गोट्यायले चुना मारून ठेवजो. अन् दवंडी दे, तिकडे कोणी फिरकू नका म्हणा."

मामाजी म्हणाला, "जी."

काऊन, हे कोणी विचारलं नाही. विचारायची सवयच नव्हती आम्हाला. आणि विचारण्यासारखं काही वाटलंही नाही. मोठा अंमलदार गावात यायचा असला की रस्त्याच्या दोन्ही कडांच्या दगडांना चुना मारायची रीत होती, ते काम आमचंच असे. मला वाटलं तसंच हे. मला वाटलं, साहेब लोकांनीच सांगितलं असेल, इथं यांची माणसं निजली आहेत, खुणा करा, जीप वरून जायला नको. शिकलेली माणसं आहेत, त्यांना कळतं, असं मी शेजारणीजवळ बोललेसुद्धा.

मी मामाजीबरोबर गेले. पळसाची मुळी ठेचून चुना मारायची नवी कुची केली. पाटलाच्या घरून मिळालेला चुना मडक्यात भिजवला. बाकीच्या दगडांना चुना पुरेल तसा एकेक हात दिला, काही तसेच राहिले. सुदामच्या दगडाला पहिला हात वाळू दिला, मग दुसरा दिला, कुठं काळं राहू दिलं नाही. इतका पांढरा झाला की आमच्या दारातून दिसायचा. संध्याकाळी दारात बसून मी त्याच्याकडे बघत राहिले. तो गेल्यापासून मला पहिल्यांदा थोडं बरं वाटलं होतं. 

रविवारी जीप आली. आम्ही सगळे घरात. गोळ्यांचा आवाज येत राहिला. पहिल्या आवाजाला कोंबड्या उडाल्या, मग त्याही सरावल्या. पाखरं मारत असतील असं आम्हाला वाटलं. मामाजी तिकडेच होता. पाळीजवळ एक खड्डा खणून त्यात त्याला लाल फडकं बांधलेली काठी देऊन बसवलं होतं. नेम लागला की काठी हलवायची, एवढंच त्याचं काम.

जीप गेल्यावर मी गेले. सुदामच्या दगडाचा वरचा कोपरा उडाला होता. खाली पांढरी भुकटी. उडालेल्या जागी एक खळगा, त्यात शिसं चेपून बसलेलं, बोटाला गरम लागत होतं की मला तसं वाटलं, ठाऊक नाही. मी बाकीचे दगड पाहिले. चुना मारलेला प्रत्येक दगड फुटला होता. ज्यांना चुना पुरला नव्हता ते सगळे धड होते. तेव्हा कळलं, चुना कशासाठी मारायला लावला होता ते.

मामाजी घरी येऊन भिंतीला टेकून बसला. मी भाकर पुढे ठेवली, ती त्यानं सरकवली.

"मामाजी, तुमाले दिसत होतं?"

"हाव."

"मंग?"

 मग म्हणाला, "नेम चुकत होता वं त्यायचा. आपल्या सुदामले एकच लागली."

माझं समाधान करायला म्हणाला तो. एकच लागली. आणि ती लागली तेव्हा त्यानं लाल काठी हलवली होती. हेही त्यानंच सांगितलं. मी त्याच्यावर ओरडले नाही. त्याच्या पायाशी बसून रडले. तो माझ्या डोक्यावर हात ठेवायला धजला नाही.

पुढच्या रविवारी ते पुन्हा येणार होते. मला दुसरं काही सुचलं नाही. मी तळ्याच्या पोटातली काळी माती आणली, कालवली, आणि एकेक दगड लिंपून काढला. सुदामचा दगड तर मातीत मातीसारखा करून टाकला, दुरून काही दिसू नये असा. लेक जिवंत असता आणि गावात कोणी त्याला मारायला आलं असतं, तर मी त्याला असंच धान्याच्या कणगीआड दडवलं असतं. दडवायचं, एवढंच आम्हाला शिकवलं होतं.

ते आले. नेम दिसेना. वकीलसाहेबानं पाटलाला बोलावलं, पाटलानं मामाजीला शिवी दिली आणि मला पाणी आणायला पिटाळलं. साहेबांचं प्यायचं पाणी तांब्याच्या कळशीत झाकून वेगळं ठेवलं होतं, पाटलाच्या घरचं. माझं पाणी दगडापुरतं.

म्हणून म्हातारा गुडघे टेकून बसला होता. तिथूनच मी सुरुवात केली.

मी घागर घेऊन उभी होते. म्हाताऱ्याच्या डोक्यावर फडकं नव्हतं. त्याचं उघडं टक्कल मी सून होऊन आल्यापासून कधी पाहिलं नव्हतं. सुनेसमोर सासरा कधी उघड्या डोक्यानं येत नसे. त्याच्या नाकाचं पाणी दगडावर पडत होतं आणि तेही तो त्याच फडक्यानं पुसत होता. चुना उघडा पडला. फुटका कोपरा दिसला. म्हाताऱ्याचा हात त्या कोपऱ्याशी आला आणि तिथं हलका झाला. जखम पुसावी तसा.

तिथं माझ्या आत काहीतरी तुटलं. राग आला असं म्हणता येणार नाही. राग मला त्याआधी पुष्कळदा आला होता आणि मी तो गिळला होता. हे वेगळं होतं. मला एकदम दिसलं, की आम्ही कितीही दडवलं तरी हे लोक आमच्याच हातानं उघडं करून घेतील.

मी घागर उपडी केली. पाणी मातीत गेलं.

"मामाजी, उठा," मी म्हणाले.

तो उठला नाही. घाबरून पाटलाकडे बघू लागला. मी त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं आणि त्याच्या जागी बसले. दगडाला पाठ लावून, सतरंजीकडे तोंड करून. डोक्यावरचा पदर तसाच होता. दोन्ही हात मी मांडीखाली दाबले.

पाटील धावत आला. "काय करून राह्यली वं? नेम आहे तो साहेबायचा."

"नेम नोहे. माहा सुदाम आहे."

वकीलसाहेब जागेवरून उठला. चिडला नव्हता. लहान पोराला समजावतात तसं हसून बोलला. "बाई, मेलेल्याला काय लागतं? बाजूला हो."

त्याचे शब्द मी विसरले नाही. तेवढेच होते. मेलेल्याला काय लागतं.

मी पाटलाकडे पाहिलं. त्याच्या बापाची समाधी आमराईत आहे, दगडी चौथरा, वर तुळस. तिथं आमची सावली पडलेली चालत नाही.

"पाटील," मी म्हणाले, "तुमच्या बापाची समाधी याच्याहून मोठी आहे. नेम चांगला बसन. साहेबायची सतरंजी तिकडे टाका."

पाटलानं काठी उगारली. मी हलले नाही. मला वाटत होतं की काठी बसणार. आमच्या वस्तीतल्या बाया तोवर येऊन पाळीवर उभ्या राहिल्या होत्या.  एकेक करून त्या खाली उतरल्या आणि आपापल्या दगडापाशी जाऊन बसल्या. कोणी सासूच्या, कोणी नवऱ्याच्या. वकीलसाहेबानं घड्याळ पाहिलं.

"जाऊ द्या पाटील," तो म्हणाला. "उगीच बोभाटा नको. गिरडकडे टेकड्या पुष्कळ आहेत. तिकडे बघू."

सतरंजी गुंडाळली, जीप गेली. लाज वाटलेली मला कोणाच्या तोंडावर दिसली नाही. जागा गैरसोयीची निघाली, इतकंच. हे मला काठीपेक्षा जास्त लागलं.

मामाजी त्या दिवशी माझ्यावर चिडला. "तुह्या तोंडापायी गाव सोडा लागन," म्हणाला, आणि कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. खरंही होतं त्याचं. पाटलानं त्या हंगामात आमच्या एकाही बाईला कापूस वेचायला बोलावलं नाही. आम्ही पार नाल्यापलीकडच्या गावांत कामाला जायचो, अंधार पडता परत यायचो. चूल कधी पेटायची, कधी नाही. वस्तीतल्याच काहींनी मला नावं ठेवली. मी ऐकून घेतलं. त्यांच्याही घरी लेकरं उपाशी होती.

मग तो दसरा आला. आमची वस्तीच्या वस्ती नागपूरला गेली, दीक्षा घ्यायला, पांढरे कपडे घालून. माझं पांढरं लुगडं मागून आणलेलं होतं. तिथं जे बोललो ते सगळं माझ्या लक्षात राहिलं नाही, पण मामाजी रडत होता ते लक्षात आहे. परत आल्यावर त्यानं ती गावकामाची काठी पाटलाच्या दारात नेऊन ठेवली. पाटील म्हणाला, "सख्या, हे काय?" म्हातारा म्हणाला, "सखाराम म्हणा." घरी आल्यावर माझ्याशी बोलला. एवढंच म्हणाला, "तू तवा बसली, ते बरं केलं." पुढच्या पावसाळ्याआधी तो गेला. सुदामच्या शेजारीच आहे. त्याच्या उशाचा दगड मी आणि नवऱ्यानं मिळून आणला.

जीप अजून आमच्या रस्त्यानं जाते. रविवारी. गिरडकडे कोणाच्या जमिनीवर ती सतरंजी पडते, तिथं खाली कोण निजलं आहे, मला माहीत नाही. मी तिकडच्या बायांना निरोप धाडला आहे. येत्या रविवारी मीही जाणार आहे.

दगडांचं म्हणाल तर मी आता ते मातीनं लिंपत नाही. काल चुना आणला, माझ्या मजुरीचा. नवी कुची केली. दोन्ही दगडांना दोन-दोन हात दिले, फुटक्या कोपऱ्यालाही. रस्त्यावरून लख्ख दिसतात. दिसावेत म्हणूनच दिला आहे चुना. ज्याला नेम धरायचा असेल त्यानं धरावा. आधी मला तिथून उठवावं लागेल. मी उठणार नाही.