शुभ सकाळला बंदी असलेला ग्रुप

भिलाईत सिकलसेलवर संशोधन करणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये मी रक्ताच्या नमुन्यांच्या पेट्या नेण्या-आणण्याचं काम करतो. शाळा आठवीत सुटली, गाव भंडाऱ्याकडे राहिलं. भिलाईतल्याच सुपेल्यात खोली आहे. बोलायला कुणी नाही, म्हणून पंखा चालू ठेवतो, थंडीतही. तेवढाच आवाज.

एका उन्हाळ्यात सकाळी गेलो तर डीप फ्रीजर बंद. आत गावोगाव फिरून गोळा केलेले, पुन्हा न मिळणारे नमुने. ते गेले की काम गेलं, काम गेलं की मी परत गावी. तसाच लॅब चालवणाऱ्या सरांकडे धावलो.

आमचे सर विदर्भातलेच. म्हणाले, "कावून घाबरून राहिला बे? थांब, ग्रुपवर टाकतो."

रायपूर, दुर्ग, नागपूर असा संशोधकांचा तो ग्रुप. नियम सक्त. शुभ सकाळ, फुलं, वाढदिवस, काही चालत नाही. अडलं तर विचारायचं, ज्याच्याकडे असेल त्यानं द्यायचं. सरांचा चहा निवायच्या आत उत्तरं आली. दुर्गच्या एका डॉक्टरांनी आपल्या फ्रीजरमध्ये जागा केली, गाडीतून कोरडा बर्फही धाडला. सरांची त्यांची ओळख काय, तर कुठल्याशा परिषदेत जेवणाच्या रांगेत दोघं मागेपुढे होते. नागपूरच्या एका मॅडमनी पेट्या कशा भरायच्या ते मला फोनवर नीट समजावलं. वाटेतून निरोप देता यावा म्हणून सरांनी मलाही ग्रुपात घातलं. दुर्गला उतरून मी लिहिलं, "पोचलो."

नमुने वाचले. माझं कामही. त्या सगळ्यांचे उपकार कसे मानायचे ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी उठलो आणि काय सुचलं कोण जाणे, ग्रुपवर गुलाब पाठवला. खाली शुभ सकाळ. मग नियम आठवला. तेवढ्यात नागपूरच्या मॅडमनी विचारलं, "नमुने कसे आहेत?"

मी दुर्गला फोन करून तापमान विचारलं, लिहिलं. त्यांनी अंगठा दाखवला.

सर आले ते हसतच. "गुलाब धाडला म्हणे तू?"

"मले ग्रुपातून काढतीन का, सर?"

"काढत नाही बे कोणी. पण गुलाब नको."

आमचा फ्रीजर अजून दुरुस्त व्हायचाय. रोज उठल्या उठल्या मी दुर्गला तापमान विचारतो आणि ग्रुपवर टाकतो. ते कामाचं आहे, चालतं.