व्याह्यांचा वर राहिलेला हात

माझ्या व्याह्यांइतका गाण्यापायी छळणारा माणूस वसई तालुक्यात झाला नाही आणि होऊ नये. ते नगरकडचे प्रोटेस्टंट, निवृत्त मास्तर, स्टेशनजवळ फ्लॅट घेतलेले. आम्ही उमेळ्याचे कॅथलिक, केळीची वाडी असलेले. त्यांची मुलगी माझ्या मुलाला दिली तेव्हापासून घरात कोणाला सुखाने खोकता येईना. कुकरची शिट्टी झाली की म्हणायचे, "कालच्यापेक्षा सुराला उतरली." पाववाल्याला थांबवून त्याच्या भोंग्याचा रबर बदलायला लावला. आमच्या आळीत एक म्हातारी गेली, तर रडणाऱ्या बायकांना म्हणाले, "बायांनो, सगळ्या एकदम नको. आधी थोरल्या, मग धाकट्या." आणि बायकांनी ऐकलं हो! इतकं नीट रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

अशा माणसाच्या हाती तालुक्यातल्या सगळ्या चर्चचं एकत्र गाणं दिलं. नाताळात उघड्या मैदानावर आम्ही, ते आणि टाळ्या वाजवून प्रार्थना करणारी नवी मंडळी, सगळ्यांनी मिळून गायचं. शेवटी प्रभूची प्रार्थना. आमची ती वाइटापासून सुटका मागितली की आमेन होऊन संपते, त्यांची पुढे देवाच्या राज्याची आणखी एक ओळ चालते. ठरलं की लांबवालीच म्हणायची. मी चौथी नापास, पण आमच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं पहिल्या रांगेत गायलेला. मला तालमीत शेवटच्या रांगेत टाकलं.

"व्याहीबुवा, तुमचा आवाज शेतातला आहे."

"केळीपण शेतातलीच. ती बरी चालतात तुम्हाला!"

"केळी गप्प असतात," म्हणाले. वर सगळ्यांदेखत, "तुम्ही प्रार्थनेला नुसते ओठ हलवा." माणसं हसली. माझ्या चर्चची माणसंसुद्धा.

नाताळात मैदानावर मी ओठच हलवले. पण आमची प्रार्थना संपायची जागा आली आणि चाळीस वर्षांची सवय घशातून बाहेर पडली, "आमेन!" माझा आवाज ओळखणारी आमची सगळी माणसं आमेन म्हणाली, क्रुसाची खूण करून खाली बसली. नव्या मंडळींनी टाळ्या सुरू केल्या, मैदानाने त्या उचलल्या. व्याह्यांची माणसं पुढची ओळ गात होती ती कोणाला ऐकू गेली नाही. व्याही ताल देणारा हात वर करून तसेच उभे. मग कागद घडी करून खाली उतरले.

लोक म्हणाले, म्हाताऱ्याने मुद्दाम केलं. मुद्दाम नव्हतं. पण चुकलो असंही मी म्हटलं नाही. का म्हणू? पुढल्या वर्षापासून ज्याचा त्याचा माइक, ज्याचं त्याचं गाणं. व्याह्यांनी आमचा उंबरा सोडला. दर रविवारी माझ्याशी भांडायला एवढ्या हौसेने येणारा माणूस, पण मीही बोलावलं नाही.

तीन वर्षांनी फ्लॅट विकून ते नगरला निघाले. जाताना आमच्या वाडीपाशी रिक्षा थांबवली आणि कुंपणाबाहेरून हाक मारली, "व्याहीबुवा!" थोड्या वेळाने परत एकदा. मी केळीत वाकून होतो, तसाच राहिलो. रिक्षा बराच वेळ उभी होती. त्याच वर्षी ते तिकडेच वारले.

सून अजून कधीतरी विचारते, "मामा, त्या दिवशी बाबांची हाक तुम्हाला ऐकू आली नव्हती ना?"

मी म्हणतो, "नाही गं, पंप चालू होता."

पंप बंद होता. सकाळपासून लाइट नव्हती.