दोन्ही कौल उजवे

बिरोबाला विचारल्याशिवाय केराबाई शिंकतही नाही, असं वस्तीवर म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. मेंढरं कधी कातरायची, त्यांचं वाडगं कुठं हलवायचं, सोलापूरच्या बाजारात घोंगड्या कुणाला द्यायच्या, सगळ्याला कौल. देवाच्या दोन्ही खांद्यांवर कण्हेरीची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी गळाली तर होकार, डावी गळाली तर नकार. नवरा गेल्यापासून बाईनं संसार असाच हाकला होता आणि तो बुडाला नव्हता. म्हणून तिला हसणारेही अडीनडीला पाकळ्या लावायला तिलाच बोलावत.

लेकीचं, राजाबाईचं लग्नही असंच ठरलं. मुलगा सोलापुरात गिरणीत कामाला, उजवी पाकळी लावताक्षणी गळालेली, आणखी काय बघायचं? दोन वर्षांनी पोरगी परत आली ती पाठीवर वळ घेऊन. केराबाईनं हळद लावली, पण तोंडातून शब्द काढला नाही. देवानं दिलेलं स्थळ वाईट निघतंच कसं, हे कोडं तिला सुटेना, आणि न सुटणाऱ्या गोष्टीबद्दल बोलायची तिला सवय नव्हती.

सोलापुरातला इंग्रजांचा मार्शल लॉ उठून वर्ष झालं असेल. जावयाचा गुंडा नावाचा चुलता राजाबाईला न्यायला आला. माणूस गोडबोल्या. पोरानं दारू सोडलीय, खोलीवर चूल थंड पडलीय, नांदत्या लेकीला माहेरात ठेवणं शोभतं का, असं बरंच बोलला आणि उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणून ओसरीवर ठाण मांडून बसला.

केराबाईनं कौल लावला. लेकीला धाडू का? उजवी गळाली.

एरवी ती देवापुढं गूळ ठेवून उठली असती. त्या दिवशी तिच्या जिवाला थारा नव्हता. भाकरी करपवली, वाडग्याची झाप उघडी टाकली, मेंढरं शेजारच्या ज्वारीत शिरली तेव्हा उलट शेजाऱ्यावरच खेकसली. झोपेनंही पाठ फिरवली.

सकाळी ती पुन्हा देवळात गेली. एकच गोष्ट देवाला दोनदा विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास, हे धनगराच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तिनं प्रश्न फिरवला. लेकीला ठिवून घेऊ का? पाकळ्या लावल्या, डोळे मिटले, उघडले.

उजवीच गळाली होती.

धाडू का, तर हो. ठेवू का, तरीही हो. तिला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग आला. इतकी वर्षं ज्याच्या जिवावर काढली, तो ऐन वेळेला हात झटकून मोकळा झाला होता.

राजाबाई तिला शोधत आली. काय झालं ते केराबाईनं सांगून टाकलं. पोरगी खाली बघत म्हणाली, "आये, लगनाच्या वक्ताला त्याला इचारलंस, आताबी त्यालाच इचारतीस. मला कवा इचारनार?"

हा प्रश्न केराबाईला कधी सुचलाच नव्हता. शेवटी तिनं विचारलं, "जातीस का?"

राजाबाईला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "नगं धाडू. तितं मी मरंन."

दोघी घरी आल्या तेव्हा ओसरीवर बसलेल्या गुंडानं पहिला प्रश्न केला तो कौलाचाच. दुसरा कौल सांगितला असता तर बाई सहज सुटली असती. देवच ठेवून घे म्हणाला म्हटल्यावर गुंडाची काय बिशाद? ते वाक्य तिच्या ओठांवर आलंही होतं.

"कौलाचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पोरगी न्हाय म्हनती, आन मीबी न्हाय म्हंते."

गुंडा बडबडत, शिव्या देत निघून गेला. केराबाई तडक देवळात गेली. फुलं नेली नव्हती, काही विचारायचंही नव्हतं.

"ह्ये म्या ठरवलंय," ती देवाला म्हणाली. "चुकलं आसंल तर माज्यावर कोप. तिच्या वाट्याला जाऊ नगंस."