चव पाहिल्याची सही

मनकर्णाबाई कॅरिबियन बेटावर जाऊन आल्या आणि तिथं दोन महिने रोज बाहेर जेवल्या, ही गोष्ट आमच्या गावाला अजून पचलेली नाही. तलमडुगूच्या पलीकडच्या आमच्या गावातून कोणी परदेशी गेलं तर दुबईला, तेही कामाला. ही बाई गेली ती नुसती जेवायला, असं लोक म्हणतात. म्हणू देत. मी तिची बाजू घेऊन सांगणार आहे, आणि सांगताना मला माझी स्वतःची लाज काढावी लागेल, हे आधीच कबूल करतो.

मी सुधाकरराव, गावच्या शाळेत चार वर्षं मास्तर होतो. दुपारचं जेवण सुरू झालं तेव्हा स्वयंपाकाला मनकर्णाबाईंना नेमलं. बौद्धवाड्यातली बाई भात शिजवणार म्हटल्यावर निम्म्याहून जास्त घरांनी पोरांना डबे बांधून दिले. पहिल्या दिवशी पंगतीत अठरा ताटं, त्यातलं एक त्यांच्याच लेकीचं, तिसरीतल्या वृषालीचं. बाईंनी मात्र पटावर होती तेवढ्या पोरांचा भात शिजवला. दुसऱ्या दिवशीही तेवढाच. कमी टाका, वाया जातो, असं कोणीतरी म्हणालं तर उत्तर आलं, "पटावर हायेत ना? मंग त्याह्यचा भात शिजन."

दोन वर्षांनी जेवणात उकडलेली अंडी आली, त्यांच्यापुढे डब्यांनी हात टेकले आणि सगळी पोरं पंगतीला बसली. मोठी माणसं मात्र शहाणी असतात. नियम असा होता की मुलांना वाढण्याआधी एका शिक्षकानं चव घ्यायची आणि वहीत तसं लिहून सही करायची. आम्ही सही करत होतो, चव घेत नव्हतो. 'चव उत्तम', खाली सही, रोज. बाई पळीत डाळ घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि मी पेनाचं टोपण काढायचो. घरी काय म्हणतील ही भीती होती, त्याहून मोठं कारण माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

वृषाली शिकली आणि ग्रेनेडा नावाच्या बेटावर एका मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. एकोणीस वर्षं शाळेचा धूर खाऊन बाई घरी बसल्या, तेव्हा तिनं तिकीट पाठवलं. तिच्या मनात आईच्या हातची ज्वारीची भाकर होती. आईनं विमानतळाबाहेर पाऊल ठेवताच सांगून टाकलं, "मी तुया घरी चुलीले हात लावनार नाई. लय लोकाह्यले खाऊ घातलं. आता मी दुसऱ्याच्या हातचं खाईन."

आणि खाल्लं. वृषाली कामावर गेली की बाई घराला कुलूप लावून निघायच्या. बंदराजवळ अ‍ॅग्नेस नावाच्या बाईची टपरीवजा खानावळ होती, चार टेबलांची. पहिल्या दिवशी मनकर्णाबाईंनी नुसतं बोट दाखवून भात मागितला. अ‍ॅग्नेस कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. शेवटी मागच्या गिऱ्हाइकानं खुणांनी समजावलं, की इथं आधी 'गुड मॉर्निंग' म्हणायचं, मग जेवण मागायचं. बाईंना हे इतकं आवडलं की परत आल्यापासून त्या आमच्या किराणा दुकानदाराला पण आधी नमस्कार करायला लावतात.

असं त्यांनी ते बेट तोंडानं ओळखलं. आपल्याकडची धोप्याची, म्हणजे अळूची पानं तिथं नारळाच्या दुधात शिजतात. बिनकाट्याचा फणस असतो, तो बटाट्यासारखा लागतो. जायफळ आपल्याकडे चिमूटभर घालतात, तिथं शेजारणी परकरात गोळा करून आणतात. डोंगराच्या वळणावळणांनी जाणाऱ्या छोट्या बसमध्ये बसायचं आणि उतरायचं असलं की पत्र्यावर बोटांनी टकटक करायचं, हेही त्या शिकल्या. इंग्रजी येत नव्हतं, पण अ‍ॅग्नेसशी अडलं नाही. एक दिवस अ‍ॅग्नेसनं त्यांच्या मनगटावरचे भाजल्याचे डाग पाहिले, बाही वर करून स्वतःचे दाखवले, आणि दोघी हसत सुटल्या.

तिथल्या भारतीय कुटुंबांनी रविवारी समुद्रकिनारी सहभोजन ठरवलं. जेवण अ‍ॅग्नेसला सांगितलं होतं: त्या बेटाचा मोठ्या पातेल्यातला प्रकार, फणस, पानं, हळद, नारळाचं दूध. आदल्या दिवशी वृषाली आईजवळ येऊन बसली.

"आई, मी तिथं सांगितलंय की तू शिक्षिका होतीस. एवढं एक सांभाळून घे."

"काऊन? माया सयपाकाची लाज वाटते तुले?"

"लाज नाही. भीती वाटते. मी पुन्हा अठरा ताटांत नाही बसू शकत."

बाई मला म्हणाल्या की तेव्हा पोरीवर राग आला आणि पोरीची दयाही आली, आणि दोन्ही घेऊन त्या रात्रभर कूस बदलत राहिल्या. लेकीचं ऐकावं तर एकोणीस वर्षं पुसली जात होती. न ऐकावं तर लेकीला तिथं रोज त्याच लोकांत राहायचं होतं.

रविवारी अ‍ॅग्नेसनं दोन पातेली चढवली. एका पातेल्यात खारवलेलं मांस होतं. दुसरं शाकाहारी मंडळींसाठी, ते तिनं सरळ मनकर्णाबाईंच्या हवाली केलं. घरच्या चुलीची शपथ होती, किनाऱ्यावरच्या नव्हती. बाई पदर खोचून उभ्या राहिल्या. ताटल्या घेऊन मंडळी आली आणि नागपूरच्या मंजुषा मॅडम कौतुकानं म्हणाल्या, "अय्या, तुम्ही कशाला त्रास घेताय? तुम्ही शाळेत कोणता विषय शिकवायच्या?"

वृषाली वाळूकडे बघत होती.

"शिकवत नव्हती मी," बाई म्हणाल्या. "शाळेत सयपाक करत होती. भात, डाळ अन् अंडं. पह्यल्या दिवशी अठराच लेकरं जेवले, कारन मी बौद्धाची. मी भात कमी नाई टाकला. कमी टाकला असता तं ते जिंकले असते."

मंजुषा मॅडमना एकदम आपला उपास आठवला. रविवारी कसला उपास, ते त्यांनाच ठाऊक. बाईंनी पळी भरली आणि शाळेच्या दारात उभ्या राहायच्या तशाच उभ्या राहिल्या.

वृषाली पुढं आली. तिनं तळहात पसरला. बाईंनी त्यावर रस्सा ओतला, तिनं सगळ्यांसमोर तो चाटून खाल्ला, आणि इतक्या वर्षांत तिथं एकदाही न बोललेल्या आपल्या बोलीत मोठ्यानं म्हणाली, "मीठ कमी हाय, आई."

खरंच कमी होतं. त्या पदार्थाला मीठ खारवलेल्या मांसातून येतं, आणि या पातेल्यात मांस नव्हतं. बाईंनी मूठभर मीठ टाकून ढवळलं. मग तीन-चार घरं जेवायला आली. मंजुषा मॅडम आल्या नाहीत आणि त्यांच्यावाचून अन्न उरलं नाही.

हे सगळं बाईंनी मला त्यांच्या ओसरीवर बसून सांगितलं. मी प्रवासाची हकिकत ऐकायला म्हणून गेलो होतो. सांगून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"सर, तुमी चार वर्सं 'चव उत्तम' लेयलं. चार वर्सांत एक दिवस तरी मीठ कमी पडलं असन ना मायं? एकदा बी काऊन नाई सांगतलं?"

त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. उठल्या, दाराला कुलूप लावलं, पायात चपला सरकवल्या.

"आज सयपाक नाई केला. गुडीहत्नूरले हायवेवरच्या हॉटेलात जेवाले चालली. येत असान तं चला. पन माया ताटातलं खा लागन, अन् खाऊन मंग सांगा लागन."

मी त्यांच्यामागे निघालो.