बिनशब्दांची झडती

आमच्या भाऊजींएवढा बेसूर माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, आणि संगीतापायी त्यांच्याएवढा येडा झालेला माणूसही सापडायचा नाही. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. घाटंजीकडच्या आमच्या गावात बाबांची शेती होती, दावणीला बैलजोडी होती, तेव्हा बाबांनी ताईसाठी बाभुळगावकडचा एक उंचापुरा, कष्टाळू, कमी बोलणारा मुलगा पाहिला आणि घरजावई करून आणला. कमी का बोलतो ते लग्नातच कळलं. नाव घ्यायचा आग्रह झाला, भाऊजींनी तोंड उघडलं आणि जो आवाज निघाला तो निम्मा वर गेला, निम्मा खाली आला आणि मधेच फाटला. मांडवात अशी काही खसखस पिकली की भटजीसुद्धा तोंडाला उपरणं लावून बसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. साळी, म्हणजे मेहुणीच ना मी, तो माझा हक्कच होता! त्यांच्या गावच्या भजनी मंडळानं लहानपणी त्यांच्या हाती टाळसुद्धा दिला नव्हता, सतरंजी उचलायचं काम दिलं होतं, हे ताईनं मला पुढे सांगितलं. भजन ऐकायचा नाद मात्र दांडगा, मंडळ सुटेपर्यंत हा मुलगा सतरंजीच्या कोपऱ्यावर बसून राहायचा. लग्नानंतर त्यांनी तोंड जवळजवळ बंदच केलं. बैलांना हाकायचं तर जिभेनं टकटक करायचे, ताईला बोलवायचं तर दाराची कडी वाजवायचे. कोणती कडी चहाची आणि कोणती जेवणाची, हे ताईला बरोबर कळायचं.

मी पांढरकवड्याला शाळेवर नवीन लागले तेव्हाची गोष्ट. सुट्टीला मला घरी न्यायला भाऊजी मोटारसायकल घेऊन आले आणि हायवेवर मागचं चाक बसलं. गाडी ढकलत ढकलत आम्ही पंक्चरवाल्या चाचांच्या दुकानाशी पोचलो. तिथे हैदराबादकडची एक मोटार टायर बदलायला उभी होती आणि तिच्यात काहीतरी वाजत होतं. गाणं म्हणावं तर गाणं नाही. खालून धप्प धप्प ठोका, वर झुळझुळ, आणि मधूनच काहीतरी लांबून यायचं आणि परत जायचं. माझं तर डोकं उठलं. भाऊजी मात्र मोटारीच्या दाराला कान लावून उभे राहिले. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं. थोड्या वेळानं भाऊजींनी चाचांना विचारलं, "हे कोन वाजवून राह्यलं?" चाचा म्हणाले, "मशीन बजा रही है, भाईसाब. कंप्यूटर." "अन् गानारा कोठी हाये?" "गानेवाला है ही नहीं इसमें." भाऊजींनी परत एकदा दाराला कान लावून पाहिला. मग एकदम हळू आवाजात, दवाखान्यात डॉक्टरला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "म्हंजे याले गळा लागतच नाही?" चाचांनी पाना खाली ठेवला आणि हसून म्हटलं, "गले का क्या काम?" त्या एका वाक्यानं आमच्या घराचं काय व्हायचं होतं ते चाचांना बिचाऱ्यांना काय माहीत! मोटारीच्या ड्रायव्हरनं ती सगळी गाणी भाऊजींच्या मोबाइलमध्ये टाकून दिली. पंक्चर कधीच निघालं होतं, पण आम्ही निघालो ते ऊन उतरल्यावर.

झालं! दुसऱ्या दिवसापासून भाऊजींच्या डोक्याला दुपट्टा आणि दुपट्ट्याच्या आत हेडफोन. गाणी ऐकून ऐकून पाठ झाली तेव्हा त्यांना वाटलं, आपणही बनवावं. मोबाइलवर रंगीत चौकोनांचा एक खेळ मिळाला, एकेका चौकोनात एकेक आवाज भरायचा आणि बोटानं ठोकायचा. मग आवाजांची शिकार सुरू झाली. फवारणीचा पंप, विहिरीवरची मोटार, वाळलेल्या तुरीच्या शेंगांचा खुळखुळ, कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी उभं राहून आतल्या यंत्रांची खटाखट, काही सोडलं नाही. घाटंजीच्या बाजारात मिरचीवालीच्या तराजूची साखळी वाजते कशी ते ऐकायला म्हणून मोबाइल पुढे करून बसले, तर ती बाई समजली की हा आपला व्हिडिओ काढतो, आणि तिनं त्यांना अख्ख्या बाजारादेखत झोडपायचंच काय ते बाकी ठेवलं. घरात ताई चटणी वाटायला बसली की हे मोबाइल घेऊन हजर. "चटनी झाली की मंग थोडा रिकामा चालव न मिक्सर." ताई भडकायची, "रिकामा चालवून जळला म्हंजे? तुमच्या गान्यावर भाकर खाऊ का मंग?" भाऊजी मिशीतल्या मिशीत हसायचे आणि तेवढंही भांडण भरून घ्यायचे. गाण्याच्या एका तुकड्यात मला 'जळला म्हंजे' एवढं स्पष्ट ऐकू आलं होतं. प्रत्येक तुकड्याला ते नाव द्यायचे. एकाचं नाव 'सोयाबीनची सवंगणी', एकाचं 'ओलिताची पाळी', आणि एकाचं नुसतंच 'साळीबाई'. तो सगळ्यात कर्कश होता.

बाबांना मात्र हे काडीचं पटत नसे. बाबा स्वतः पहाडी आवाजाचे, गावात त्यांच्या शब्दाला वजन. ते बाजेवर पडल्या पडल्या ओरडायचे, "जवाईबुवा, एकाच जागी अडकलं ते! ढकला त्याले पुढं!" एरवी सासऱ्यापुढे मान वर न करणारे भाऊजी एवढ्या एका गोष्टीवर बोलायचे. "मामाजी, डवरनीले आपन एकच तास धरून जातो, अन् पलटून पुना तेच करतो. तवा कोनी म्हनते काय, का हा मानूस अडकला म्हनून?" डवरणी म्हणजे तासातासातून, पिकाच्या ओळींमधून, बैलांनी डवरा ओढून तण काढणं. बाबा लगेच म्हणायचे, "डवऱ्यानं तन निघते. यानं काय निघते?" भाऊजी हेडफोन चढवून गोठ्याकडे निघायचे.

बाबांच्या या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ पोळ्यानं आणली. आमच्याकडे पोळा म्हणजे सणांचा सण. गावाबाहेर आखरावर, गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली झुली पांघरलेल्या, शिंगांना बेगड लावलेल्या जोड्या ओळीनं उभ्या राहतात आणि त्यांचे धनी एकेक करून झडत्या म्हणतात. झडती म्हणजे बैलांच्या नावानं मोठ्या आवाजात म्हटलेलं चार ओळींचं कवन. शेवटी म्हणणारा दम घेऊन थांबतो, 'हर बोला' म्हणतो, आणि सगळं आखर 'हर हर महादेव' करून उठतं. आमच्या गावात पहिली झडती मानाची, ती आमच्या घरची. ती बाबा म्हणायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच पोळ्याला त्यांनी हौसेनं जावयाला पुढे केलं होतं, आणि भाऊजींचा आवाज 'हर'वरच असा फाटला की आखरावरची माणसं पोट धरून खाली बसली. तेव्हापासून भाऊजी कासरा धरून नुसते उभे राहायचे आणि गाव मागून म्हणायचं, "घरजवायाले तोंड नाही." ताईला ते फार लागायचं. ती कधी बोलली नाही, पण पोळ्याच्या दिवशी तिच्या पोळ्या हमखास करपायच्या.

मग बाबांना दम्यानं धरलं. त्या वर्षी पोळा जवळ आला तसं बाबांनीच एकदा जेवताना विषय काढला. "औंदा माह्यानं झडती होत नाही. मान चुलतघरी देऊन टाकू. त्यायचा पोरगा म्हनन." ताईनं वाढता वाढता हात आखडला. एकदा गेलेला मान परत येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तेवढ्यात भाऊजी ताटाकडे पाहत म्हणाले, "मी म्हनतो. पन माह्या तऱ्हेनं." बाबांच्या हातातला घास हातातच राहिला. "झडती म्हंजे शब्द, जवाईबुवा. बिनशब्दाची झडती आयकली हाये कोनी? अन् बैल बुजले तं? एखादं लेकरू पायाखाली आलं तं?" बाबांचं हे खरंच होतं. भाऊजी म्हणाले, "बैलायचं माह्यावर सोडा." आणि माणसांचं काय, असं मी विचारणार होते, पण ताईनं माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी मुकाट्यानं भाजी वाढून घेतली.

त्यानंतर भाऊजींनी जे केलं ते आमच्याच गावात होऊ शकतं. त्यांनी चाचांकडून मोडीतल्या गाडीचा एक डबा आणला, म्हणजे स्पीकर, आणि तो काखोटीला मारून ते गावातल्या एकेका गोठ्यात जाऊ लागले. धन्याला सांगायचे, "तुमच्या बैलायले आयकवतो थोडं." लोक म्हणायचे, या, बसा, आणि बाकीच्यांना हाका मारून तमाशा पाहायला बोलवायचे. पहिल्या दिवशी आमच्याच दावणीचा तांबडा असा बुजला की गव्हाणीतली वैरण भाऊजींच्या डोक्यावर. पण हा माणूस हटला नाही. आधी अगदी हळू आवाज, मग थोडा मोठा. ज्या ठोक्याला बैल कान टवकारी तो ठोका रात्री बसून मऊ करायचे, ज्या आवाजाला शेपूट उडवी तो काढूनच टाकायचे. पाटलांची जोडी रवंथ करीत राहिली त्या दिवशी ताईनं शिरा केला. मी फोनवर विचारलं, "का व ताई, पास झाले का आमचे भाऊजी बैलायच्या परीक्षेत?" ती म्हणाली, "हास तू. पन मानसायनं असं निवांत बसून आयकलं नाही त्यायचं कधी." मला हसू आलं नाही.

पोळ्याच्या दिवशी मी गावी होते. बाया आखराच्या कडेला, शाळेच्या ओट्यावर. बाबा तिथेच खुर्चीत, अंगावर शाल. चाचा पांढरकवड्याहून मुद्दाम बॅटरी घेऊन आले होते आणि डबा आमच्या बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, चढवून स्वतः खाली उभे होते. पहिल्या झडतीचा पुकारा झाला तशी सगळं आखर आमच्या भाऊजींकडे वळलं. एका हातात कासरा, एका हातात मोबाइल, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. त्यांनी अंगठा दाबला.

आधी मातीत चालणाऱ्या डवऱ्याची खरखर आली. तिच्यावर घुंगरमाळ आली. मग तो धप्प धप्प ठोका, आणि तो बैलाच्या चालीचा होता. मागून एक पोट्टा ओरडला, "मिक्सर लावला बे!" आणि हशा पिकला. ताईनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. पण एकही जोडी जागची हलली नाही. बैल कान हलवत उभे होते, ओळखीचं माणूस आल्यासारखे, आणि आपले बैल एवढे शहाणे उभे आहेत म्हटल्यावर माणसांनाही हसणं जड जाऊ लागलं. आवाज चढत गेला, त्यात विहिरीची मोटार आली, तूर वाजली, सगळं एकात एक मिसळलं आणि चढता चढता एकदम थांबलं. पार शांत. मला वाटलं, बॅटरी गेली. चाचाही वाकून वायर पाहू लागले. ताईनं डोळेच मिटले.

आणि खुर्चीतून बाबा उठले. एका हातानं माझा खांदा धरून, छातीत होता नव्हता तो दम गोळा करून ते म्हणाले, "हर बोला!" आखर एका आवाजात गर्जलं, "हर हर महादेव!" त्याच क्षणी डबा पुन्हा सुरू झाला. ती जागा भाऊजींनी मुद्दाम मोकळी सोडली होती, आणि झडतीत जन्म गेलेल्या माणसाला ती बरोबर ऐकू आली. दुसऱ्यांदा थांबलं तेव्हा बाबांना सांगावं लागलं नाही, सगळं गावच 'हर बोला' म्हणून मोकळं झालं. घरी बैलांची पूजा करताना बाबा जावयाला एवढंच म्हणाले, "तन निघालं हो, जवाईबुवा." भाऊजी मान खाली घालून बैलाचे पाय धूत राहिले. ते पाय बराच वेळ धूत होते.

त्यानंतर दोन-तीन पोळे असेच झाले आणि मग बाबा गेले. आता आखरावर जोड्याही थोड्याच येतात. काहीजण ट्रॅक्टरच धुऊन, हार घालून आणतात आणि तोरणाखाली उभा करतात. मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी मी भाऊजींना म्हटलं, "जगभराचे आवाज भरून ठेवले तुम्ही, बाबांचा 'हर बोला' तेवढा भरून घ्यायचा राहिला. उद्या तिथे टाकता आला असता." ते म्हणाले, "राह्यला नाही, साळीबाई. घेतलाच नाही. मशीनीनंच म्हटलं असतं तं मंग गावानं कायले म्हटलं असतं?"

दुसऱ्या दिवशी डबा वाजला, चढला आणि थांबला. बाबा नसलेला तो पहिला पोळा. प्रत्येकाला वाटलं असावं की आपण सुरुवात कशी करायची, ती तर म्हाताऱ्याची जागा. कोणीच बोलेना. बैलाच्या गळ्यातली एखादी घंटी वाजे तेवढीच. तेवढ्यात बंडीजवळून एक आवाज आला, निम्मा वर गेलेला, निम्मा खाली आलेला, मधेच फाटलेला. "हर बोला!"

कोणी हसलं नाही. आखरानं उत्तर दिलं ते बाबांना देत तसंच, एका आवाजात. ताई हातात पूजेचं ताट घेऊन उभी होती, आणि रडता रडता मला म्हणाली, "आयकलं का व? तुये भाऊजी बोलले."