मामांना दिलेली विश्रांती

मी माझ्या सासऱ्यांना संघातून वगळलं. संघ म्हणजे आमच्या अड्यारच्या घरी टीव्हीसमोर बसणारी पाच माणसं. पण वगळलं ते वगळलंच, आणि त्याचं कारणही मी खोटं सांगितलं.

तेव्हा चेन्नईत सामने बघायचे तर टीव्हीला वेगळा बॉक्स लावावा लागे. तो आमच्याकडे होता, मामांकडे नव्हता. मामा म्हणजे सासरे. रेल्वेतून निवृत्त झालेले, सासूबाई गेल्यापासून तांबरमला एकटेच. सामन्याच्या दिवशी ते मुरुक्कूची, म्हणजे तिकडच्या चकल्यांची, पिशवी घेऊन आगगाडीने आणि मग बसने यायचे आणि वेताच्या खुर्चीत बसायचे. मी पुण्याचा, बँकेच्या नोकरीमुळे इथे आलेला. ते तंजावरच्या जुन्या मराठी घरातले. त्यांची मराठी तमिळच्या चालीवर चाले, आणि मला ते जावई न म्हणता तमिळमधलं माप्पिळ्ळै म्हणत.

त्या वर्षी आपला संघ हरण्याचा सराव केल्यासारखा खेळत होता. एका ज्येष्ठ फलंदाजाचा तर सूर पार हरवला होता. त्याला काढा की ठेवा, यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरत. मी 'काढा' पक्षाचा.

"वय झालंय त्याचं. पाय हलत नाहीत," मी म्हणायचो.

"पाय माझेही हलत नाहीत, माप्पिळ्ळै. पण येतो की नाही तांबरमहून?"

यावर बँकेतले माझे दोन सहकारी खो खो हसत. बायकोही हसे. तो फलंदाज अगदी साध्या चेंडूवर बाद झाला, तरी मामा गंभीरपणे म्हणत, "चेंडू फार चांगला होता हो." पुन्हा हशा. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बॉक्ससमोर मी प्रत्येक वाद हरत होतो.

आमच्याकडे जागांचा नियम कडक होता. भागीदारी रंगली की कुणी हलायचं नाही. एकदा कुकर शिट्ट्या मारत राहिला, भाताची पेज झाली, पण शतक पूर्ण झालं. याच नियमाच्या आडून मी डाव साधला. मामा कॉफी घ्यायला उठले आणि त्यांचा लाडका फलंदाज बाद झाला, तेव्हा मी निवड समितीच्या गोड आवाजात म्हणालो, "मामा, तुम्ही हललात की विकेट पडते. पुढच्या सामन्याला तुम्हाला विश्रांती."

सगळे हसले. मामाही हसले. "सरी, सरी. बरं, समितीचा निर्णय मान्य," म्हणाले, आणि रिकाम्या पिशवीची घडी घालून ती खिशात ठेवली.

पुढच्या सामन्याला ते खरंच आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. मुरुक्कू नाही, हशा नाही, आणि संघ पूर्वीपेक्षा वाईट हरला.

"आता कोणाला विश्रांती? टीव्हीला?" बायकोने विचारलं. मग हळूच म्हणाली, "अप्पांना फोन केला होता. म्हणाले, माझ्यामुळे विकेट पडतात, कशाला येऊ? थट्टेत म्हणाले की खरंच, ते कळलं नाही मला."

पुढच्या सामन्याला मी अर्धी रजा टाकून तांबरमला गेलो. घराला कुलूप. शेजारणीने हसून बाजाराकडे बोट दाखवलं. तिथे टीव्हीच्या दुकानाच्या काचेबाहेर घोळका होता आणि सगळ्यांत पुढे, डोक्यावर टॉवेल टाकून, मामा. आत ओळीने मांडलेल्या टीव्हींवर तोच फलंदाज एकाच वेळी खेळत होता, आणि सगळीकडे झकास खेळत होता.

"मामा, मला जरा..."

"शू! हलू नका, माप्पिळ्ळै. पन्नास जवळ आलेत."

मी हललो नाही. कुणाच्या तरी सायकलचं हँडल बरगडीत टोचत होतं, ते टोचू दिलं. अर्धशतक झालं तेव्हा मामांनी आधी दुकानदाराला टाळी दिली, मग मला.

"बघितलंत? तुम्ही आलात आणि झालं. आता रोज इथेच उभं राहायचं तुम्ही!"

षटक संपलं, जाहिराती लागल्या. त्यांचं लक्ष पडद्यावरून तेवढ्यापुरतंच सुटणार होतं, म्हणून मी एका दमात बोललो.

"मामा, तुमच्यामुळे एकही विकेट पडली नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. वादात तुम्ही जिंकायचात, सगळे तुमच्या बाजूने हसायचे, ते मला सोसलं नाही. म्हणून काढलं तुम्हाला आणि वर त्याला विश्रांती म्हटलं. माझं चुकलं. मला माफ करा, आणि घरी चला."